गुणधर्म-सारणीतील आकडा आणि त्याच्या अटी : नेहमीच्या काही संयुगांच्या आधारे एक विवेचन

सारांश

रासायनिक संयुगांचे उत्कलनबिंदू, बाष्पदाब, अप्रकट उष्मा, एन्थाल्पी यांसारखे भौतिक व उष्मागतिक गुणधर्म सारण्यांच्या रूपाने पाठ्यपुस्तकांत दिलेले असतात. या सारण्यांतील प्रत्येक आकडा विशिष्ट दाब, तापमान, अवस्था आणि संदर्भशून्य यांच्याशी बांधलेला असतो. अध्यापनात मात्र आकडा शिल्लक राहतो आणि अटी गळून पडतात. प्रस्तुत लेखात पाणी, प्रोपेन, ब्युटेन, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड या संयुगांच्या आधारे ह्या अटींचे स्वरूप स्पष्ट केले आहे. अटींकडे दुर्लक्ष झाल्यास गणिते चुकतात आणि प्रसंगी जीवितहानीही होते, हे भोपाळ दुर्घटनेच्या संदर्भात दाखविले असून अध्यापनासाठी काही सूचना केल्या आहेत.

बीजशब्द : उत्कलनबिंदू, बाष्पदाब, अप्रकट उष्मा, एन्थाल्पी, क्रांतिक तापमान, प्रमाण अवस्था.

१. प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांची अभ्यास सहल महाबळेश्वर येथे गेली असता प्रस्तुत लेखकाने त्यांना एक साधा प्रयोग करावयास सांगितला. स्टोव्हवर पाणी उकळावयाचे, तापमापी पाण्यात धरावयाची आणि पाणी खळखळून उकळू लागले की वाचन नोंदवावयाचे. पारा ९५ आणि ९६ अंशांच्या मध्ये स्थिरावला आणि तेथून पुढे हलला नाही. तरीही बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या वहीत १०० अंश सेल्सिअस अशी नोंद आढळली. कारण विचारता एकाने सरळ उत्तर दिले, "सर, पुस्तकात शंभर आहे. तापमापी खराब असेल."

विद्यार्थ्याला दोष देण्यापूर्वी शिक्षकाने स्वतःकडे पाहणे उचित ठरेल. अध्यापनाच्या पहिल्या काही वर्षांत प्रस्तुत लेखकानेही प्रात्यक्षिक वहीतील ९८ अंश ही नोंद 'चूक' म्हणून लाल शाईने अधोरेखित केली होती. ते महाविद्यालय समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर होते. तेथे पाण्याने ९८ अंशांना उकळावे हेच योग्य होते. विद्यार्थ्याने खरे ते लिहिले होते आणि शिक्षकाने ते खोडले होते.

ही घटना लहान असली तरी तिच्यातील प्रश्न लहान नाही. निरीक्षण आणि पुस्तक यांत विरोध दिसला की निरीक्षण खोडावयाचे, ही सवय विज्ञानाच्या वर्गातच लागत असेल तर त्याची जबाबदारी आपल्यावर येते. वस्तुतः येथे निरीक्षण आणि पुस्तक यांत विरोध नव्हताच. पुस्तकातील आकड्यासोबत असलेली अट वाचली गेली नव्हती, एवढेच.

२. उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) परिचित संयुगांच्या भौतिक व उष्मागतिक गुणधर्मांमागील अटी उदाहरणांनी स्पष्ट करणे.
२) अटी बदलल्यास आकडा किती व का बदलतो हे दाखविणे.
३) या अटींचा सुरक्षिततेशी असलेला संबंध मांडणे.

लेख विवेचनात्मक असून त्यात नवे प्रायोगिक मापन नाही. अन्य विद्याशाखांतील प्राध्यापकांनाही विषय सुलभ व्हावा म्हणून समीकरणे टाळली आहेत.

३. एक नमुना सारणी

पुढे दिलेली सारणी कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळेल अशाच स्वरूपाची आहे. आकडे पूर्णांकित केलेले आहेत.

सारणी १ : काही परिचित संयुगांचे गुणधर्म

| संयुग | रेणुवस्तुमान | उत्कलनबिंदू (°से.) | बाष्पनाचा अप्रकट उष्मा (किलोज्यूल प्रति किग्रॅ) | क्रांतिक तापमान (°से.) |
|---|---|---|---|---|
| पाणी | १८.०२ | १००.० | २२५७ | ३७४ |
| अमोनिया | १७.०३ | −३३.३ | १३७० | १३२ |
| प्रोपेन | ४४.१० | −४२.१ | ४२६ | ९७ |
| ब्युटेन | ५८.१२ | −०.५ | ३८६ | १५२ |
| कार्बन डायऑक्साइड | ४४.०१ | −७८.५ (संप्लवन) | सुमारे ५७० (संप्लवन) | ३१ |

वरवर पाहता सारणी परिपूर्ण वाटते. परंतु उत्कलनबिंदू कोणत्या दाबाला? अप्रकट उष्मा कोणत्या तापमानाला? या दोन प्रश्नांची उत्तरे सारणीत नाहीत. (येथे दाब १०१.३ किलोपास्कल म्हणजे एक वातावरण, आणि अप्रकट उष्मा त्या त्या संयुगाच्या वरील उत्कलनबिंदूला किंवा संप्लवनबिंदूला, असे गृहीत आहे.) जी सारणी या अटी सांगत नाही ती अर्धेच विधान करते. पुढील विवेचनात एकेक अट क्रमाने पाहू.

४. पहिली अट : दाब

द्रवाच्या पृष्ठभागावरून रेणू सतत बाहेर पडत असतात. बंद भांड्यात या बाष्पाचा जो दाब समतोलावस्थेत निर्माण होतो त्याला बाष्पदाब म्हणतात. तापमान वाढले की बाष्पदाब वाढतो. ज्या तापमानाला बाष्पदाब बाहेरील दाबाइतका होतो त्या तापमानाला द्रव उकळतो. या व्याख्येतच स्पष्ट होते की उत्कलनबिंदू हा एकट्या द्रवाचा गुणधर्म नव्हे. द्रव आणि त्यावरील दाब या दोहोंच्या संबंधातून तो ठरतो.

उंचीनुसार वातावरणाचा दाब घटतो. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. पुण्यास, सुमारे ५६० मीटर उंचीवर, ते सुमारे ९८ अंशांना उकळते. महाबळेश्वरी, सुमारे १,३५० मीटरांवर, हा आकडा साडेपंच्याण्णवच्या आसपास येतो, तर महाराष्ट्रातील सर्वोच्च अशा १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाई शिखरावर तो साडेचौऱ्याण्णवच्या आसपास उतरतो. साधारणतः दर ३०० मीटर चढाईस एक अंश घट, असा ढोबळ नियम आपल्या राज्यातील उंचीपुरता पुरेसा आहे.

याच तत्त्वाचा उलट उपयोग प्रेशर कुकरमध्ये होतो. शिटीच्या वजनामुळे आतील एकूण दाब दोन वातावरणांच्या जवळ जातो आणि पाणी सुमारे १२० अंशांना उकळते. डाळ लवकर शिजते ती या वाढीव वीस अंशांमुळे. कुकर आचेवर ठेवणारी गृहिणी उत्कलनबिंदूची अट रोज बदलत असते.

येथे एक ऐतिहासिक बाब उल्लेखनीय आहे. स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ अँडर्स सेल्सिअस याने १७४२ मध्ये आपली तापमापनश्रेणी मांडली तेव्हा उकळत्या पाण्याला ० आणि वितळत्या बर्फाला १०० हे अंक दिले होते. पुढे ही श्रेणी उलटविण्यात आली. मात्र पाणी उकळण्याचे तापमान वातावरणाच्या दाबानुसार बदलते हे स्वतः सेल्सिअसने नोंदविले होते. याचा अर्थ असा की 'शंभर' या आकड्याबरोबर त्याची अटही जन्मली होती. ती पुढे कधीतरी वर्गात हरवली.

५. दुसरी अट : 'प्रमाण' शब्दाचा अर्थ

काही सारण्या 'प्रमाण दाब' असा उल्लेख करून अट पाळतात. परंतु प्रमाण म्हणजे किती, हेही काळानुसार बदललेले आहे. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ मध्ये प्रमाण दाब एक वातावरणाऐवजी (१०१.३२५ किलोपास्कल) एक बार (१०० किलोपास्कल) मानावा अशी शिफारस केली. फरक सव्वा टक्क्याहून थोडा अधिक आहे. या नव्या प्रमाण दाबाला पाणी १०० अंशांना नव्हे, तर ९९.६ अंशांना उकळते.

वायूच्या एका मोलचे आकारमान हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाला ते २२.४ लिटर येते, तर शून्य अंश आणि एक बार दाबाला २२.७ लिटर येते. दोन पुस्तकांत दोन आकडे पाहून विद्यार्थी गोंधळतो आणि 'यातील बरोबर कोणता?' असे विचारतो. दोन्ही बरोबर आहेत, अट वेगळी आहे, हे उत्तर त्याला मिळणे आवश्यक आहे.

अचूक मापनाच्या पातळीवर तर शंभरचा आकडा एक वातावरण दाबालाही तंतोतंत उरलेला नाही. १९९० च्या आंतरराष्ट्रीय तापमानश्रेणीनुसार एक वातावरण दाबाला पाण्याचा उत्कलनबिंदू ९९.९७ अंशांच्या जवळ येतो. १९५४ पासून तापमानाच्या एककाचा आधार पाण्याचा उत्कलनबिंदू राहिला नाही. तेथे पाण्याचा त्रिक बिंदू (२७३.१६ केल्विन) आला, आणि २०१९ पासून केल्विनची व्याख्या बोल्ट्झमन स्थिरांकाच्या निश्चित मूल्यावरून केली जाते. जो आकडा आपण अढळ मानतो तो मापनशास्त्राने केव्हाच मागे ठेवलेला आहे.

६. तिसरी अट : तापमान

पाण्याच्या बाष्पनाचा अप्रकट उष्मा किती, या प्रश्नाला २२५७ किलोज्यूल प्रति किलोग्रॅम (किंवा जुन्या एककात ५४० कॅलरी प्रति ग्रॅम) हे उत्तर पाठ असते. हा आकडा १०० अंशांचा आहे. परंतु पाणी केवळ उकळतानाच बाष्परूप होते असे नाही. दोरीवरचे कपडे, शेततळे, अंगावरचा घाम, माठ या सर्व ठिकाणी ते २५ ते ४० अंशांच्या दरम्यान बाष्परूप होते. २५ अंशांना अप्रकट उष्मा सुमारे २४४२, तर ३० अंशांना सुमारे २४३० किलोज्यूल प्रति किलोग्रॅम असतो. पाणी थंड असताना रेणूंमधील बंध तोडण्यास अधिक ऊर्जा लागते. तापमान वाढत जाते तसा अप्रकट उष्मा घटत जातो आणि ३७४ अंश या क्रांतिक तापमानाला तो शून्य होतो, कारण तेथे द्रव आणि बाष्प यांत भेदच राहत नाही.

माठाचे उदाहरण घेऊ. माठात १० लिटर पाणी आहे आणि त्यातील १०० ग्रॅम पाणी माठाच्या सच्छिद्र भिंतीतून पाझरून बाहेर बाष्परूप झाले असे समजू. त्यासाठी सुमारे २४३ किलोज्यूल उष्मा लागेल. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने बदलण्यास ४.१८ किलोज्यूल लागतात. म्हणून, हा सर्व उष्मा आतील पाण्यातूनच घेतला गेल्यास त्याचे तापमान जास्तीत जास्त सुमारे ५.८ अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात बाहेरील हवेतूनही उष्मा येत असल्याने घट याहून कमी असते. याच गणितात २२५७ हा आकडा वापरल्यास उत्तर सुमारे सात टक्क्यांनी चुकते.

येथे आणखी एक अट आपोआप पुढे येते. हवा अगोदरच दमट असेल तर बाष्पन मंदावते. म्हणून मे महिन्यात नागपूरचा माठ पाणी गार करतो आणि मुंबईचा माठ निराश करतो. दोन्ही ठिकाणी पाण्याचे गुणधर्म तेच, माठाची मातीही तीच असू शकेल, परंतु भोवतालच्या हवेतील बाष्प वेगळे असते.

७. चौथी अट : अवस्था आणि संदर्भशून्य

उष्मागतिक सारण्यांत पाण्याची प्रमाण निर्मिती एन्थाल्पी दोन प्रकारे दिलेली आढळते : द्रव पाण्यासाठी −२८५.८ आणि बाष्पासाठी −२४१.८ किलोज्यूल प्रति मोल. दोहोंतील ४४ चा फरक म्हणजे २५ अंशांना एक मोल पाण्याच्या बाष्पनाची एन्थाल्पी होय. वर दिलेला २४४२ हा आकडा याच फरकातून येतो. अवस्था न लिहिता केवळ 'पाण्याची एन्थाल्पी' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तर कोणत्या आकड्याशी पडताळावयाचे हेच परीक्षकाला कळणार नाही.

याचा व्यवहारातील परिणाम इंधनांच्या बाबतीत दिसतो. एक किलोग्रॅम प्रोपेन जळाल्यावर तयार झालेले पाणी द्रवरूपात मोजल्यास ५०.३ मेगाज्यूल उष्मा मिळतो, बाष्परूपात मोजल्यास ४६.३ मेगाज्यूल. यांना अनुक्रमे उच्च व निम्न उष्मांक मूल्य म्हणतात. शेगडीवरील ज्वलनात पाणी बाष्परूपानेच निघून जाते, म्हणून निम्न मूल्य अधिक वास्तव ठरते. दोन इंधनांची वा दोन शेगड्यांची तुलना करताना एकासाठी उच्च आणि दुसऱ्यासाठी निम्न मूल्य घेतल्यास आठ टक्क्यांहून अधिक फरक निव्वळ कागदावर निर्माण होतो. ऊर्जेच्या अर्थशास्त्रावर लिहिणाऱ्या सहकाऱ्यांनी ही बाब विशेषत्वाने ध्यानी घ्यावी.

संदर्भशून्याचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. अभियांत्रिकीच्या बाष्प-सारणीत २५ अंशांच्या द्रव पाण्याची एन्थाल्पी सुमारे १०५ किलोज्यूल प्रति किलोग्रॅम अशी धन आढळते. रसायनशास्त्राच्या सारणीतील −२८५.८ किलोज्यूल प्रति मोल हाच आकडा प्रति किलोग्रॅम मांडल्यास तो सुमारे −१५,८७० येतो. पदार्थ एक, अवस्था एक, तापमान एक, आणि आकड्यांचे चिन्हसुद्धा जुळत नाही. कारण बाष्प-सारणीने त्रिक बिंदूवरील द्रव पाणी शून्य मानले आहे, तर रसायनशास्त्राने २५ अंशांवरील हायड्रोजन व ऑक्सिजन ही मूलद्रव्ये शून्य मानली आहेत.

मराठी वाचकास ही कल्पना परकी वाटू नये. शिवराज्याभिषेक शके १५९६ मध्ये झाला आणि तो इसवी सन १६७४ मध्येही झाला. दोन्ही विधाने सत्य आहेत, कारण कालगणनेचा आरंभ वेगळा आहे. राज्याभिषेकापासून शिवाजी महाराजांच्या निधनापर्यंतचा काळ मात्र दोन्ही गणनांत तितकाच येतो. एन्थाल्पीचेही तसेच आहे. शून्य कोठेही धरले तरी दोन अवस्थांमधील फरक बदलत नाही. एका सारणीतून आरंभ आणि दुसरीतून शेवट उचलणे मात्र शके आणि सन यांची वजाबाकी करण्यासारखे ठरते. अर्थशास्त्रात निर्देशांकाचे आधारवर्ष सांगितल्याविना आकडा उद्धृत केला जात नाही. रसायनशास्त्रातही तीच शिस्त अपेक्षित आहे.

८. बंद सिलिंडर : दाब काय सांगतो आणि काय सांगत नाही

घरगुती स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलोग्रॅम प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण दाबाखाली द्रवरूपात असते. २५ अंशांना शुद्ध प्रोपेनचा बाष्पदाब सुमारे ९.५ बार आणि ब्युटेनचा सुमारे २.४ बार असतो. म्हणजे पात्र बंद असेल आणि तितका दाब सहन करीत असेल तर −४२ अंशांना उकळणारा पदार्थही आपल्या स्वयंपाकघरात द्रव राहतो.

आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तोवर दाब हा प्रामुख्याने तापमानावर आणि मिश्रणाच्या प्रमाणावर ठरतो, द्रवाच्या एकूण वजनावर नव्हे. म्हणून भरलेल्या आणि जवळजवळ रिकाम्या सिलिंडरमधील दाबात फारसा फरक जाणवत नाही. गॅस किती उरला हे वजनावरूनच खात्रीने समजते. एकाच वेळी मोठ्या शेगड्या बराच काळ चालविल्यास सिलिंडर बाहेरून गार पडतो व त्यावर पाण्याचे थेंब जमतात, याचे कारणही सारणी १ मध्येच आहे : द्रवाला बाष्परूप होण्यासाठी लागणारा उष्मा तो सिलिंडरमधून आणि भोवतालच्या हवेतून घेतो.

कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामक सिलिंडरमध्ये हीच कथा वेगळे वळण घेते. या संयुगाचे क्रांतिक तापमान ३१ अंश आहे. त्याखाली सिलिंडरमध्ये द्रव आणि बाष्प एकत्र असतात. त्यावर कितीही दाब दिला तरी द्रव अवस्था वेगळी राहत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा प्रयोगशाळेच्या भिंतीवरील सिलिंडरमध्ये द्रव नसतोच आणि आतील दाब भरणीच्या घनतेनुसार वेगाने वाढत जातो. अशा सिलिंडरची तपासणी वजन करून केली जाते आणि तो उन्हापासून दूर ठेवावा लागतो, यामागे हे साधे उष्मागतिक कारण आहे. दुसरीकडे, ५.२ बारपेक्षा कमी दाबाला द्रव कार्बन डायऑक्साइड अस्तित्वातच राहू शकत नाही. म्हणून उघड्या हवेत कोरडा बर्फ न वितळता थेट वायुरूप होतो आणि सारणीत त्याच्यापुढे 'संप्लवन' असा शब्द लिहावा लागतो.

९. गळती झाल्यास वायू कोठे जाईल?

हवेचे सरासरी रेणुवस्तुमान सुमारे २९ आहे. समान तापमान व दाबाला प्रोपेनचे बाष्प हवेच्या दीडपट आणि ब्युटेनचे दुप्पट जड असते. म्हणून गळालेला स्वयंपाकाचा गॅस जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे दोन टक्के झाले तरी ते मिश्रण पेट घेऊ शकते. अशा वेळी विजेचे बटण न दाबता दारे-खिडक्या उघडाव्यात, ही सूचना रेणुवस्तुमान आणि ज्वलनशीलतेची मर्यादा या दोन आकड्यांतून निघते.

याच नियमाने अमोनियाचा विचार केल्यास, रेणुवस्तुमान १७ असल्याने तो हवेपेक्षा हलका आहे आणि गळताच वर निघून जाईल, असे वाटते. शीतगृहांत आणि मासळी बंदरांजवळील बर्फ कारखान्यांत अमोनिया शीतक म्हणून वापरला जातो, कारण त्याचा अप्रकट उष्मा मोठा आहे. तेथे तो दाबाखाली द्रवरूपात असतो. द्रव अमोनिया एकाएकी बाहेर पडला तर त्याचा काही भाग तात्काळ बाष्परूप होतो, उरलेल्याचे सूक्ष्म तुषार होतात आणि भोवतालची दमट हवा अतिशय थंड होते. तुषार व थंड हवा यांचे हे धुके सभोवतालच्या उबदार हवेपेक्षा जड असू शकते आणि ते जमिनीलगत पसरते. 'अमोनिया हलका असतो' हे विधान वायूसाठी, समान तापमानाच्या अटीवर सत्य आहे. अट विसरून केवळ आकड्यावर विसंबणारा मनुष्य चुकीच्या दिशेला पळू शकतो.

१०. अटी विसरल्या जातात तेव्हा

या विवेचनाचे गांभीर्य कळण्यासाठी नेहमीच्या संयुगांपलीकडे जाऊन एका संयुगाचा उल्लेख करणे अपरिहार्य आहे. भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट हे संयुग मोठ्या प्रमाणावर साठविले जात असे. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे ३९ अंश आहे, म्हणजे भोपाळच्या उन्हाळी दुपारी हवेचे तापमान जेथवर जाते तेवढाच. त्याचे रेणुवस्तुमान ५७, म्हणजे बाष्प हवेच्या जवळजवळ दुप्पट जड. पाण्याशी त्याची होणारी अभिक्रिया उष्मादायी आहे. हे तिन्ही गुणधर्म ज्ञात होते. म्हणूनच ते शून्य अंशांच्या आसपास, शीतकरण यंत्रणेच्या साहाय्याने साठविणे अपेक्षित होते.

जून १९८४ मध्ये ही शीतकरण यंत्रणा बंद करण्यात आली. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री सुमारे ४० टन द्रव असलेल्या टाकीत पाणी शिरले. अभिक्रियेतून उष्मा निघाला, उष्म्याने तापमान वाढले, वाढत्या तापमानाने अभिक्रिया अधिक वेगवान झाली, द्रव उकळू लागला आणि वाढलेल्या दाबामुळे बाष्प बाहेर पडले. ते जड असल्याने वर न जाता निजलेल्या वस्त्यांवर जमिनीलगत पसरले. हजारो माणसे मृत्यू पावली आणि लाखो बाधित झाली.

या दुर्घटनेची कारणे केवळ रासायनिक नव्हती. व्यवस्थापन, खर्चकपात, देखभाल, वस्त्यांचे स्थान अशी अनेक कारणे तीत गुंतलेली आहेत आणि त्यांवर विपुल लेखन झाले आहे. येथे एवढेच नोंदवावयाचे की, सारणीतील ३९ हा आकडा त्या कारखान्यात कोणालाच ठाऊक नव्हता असे नाही. आकडा ठाऊक होता. त्या आकड्याने घातलेली अट पाळली गेली नाही. गुणधर्म ठाऊक असणे आणि त्याचा अर्थ कळणे यांतील अंतर किती जीवघेणे ठरू शकते, याचे याहून दुःखद उदाहरण आपल्या देशात नाही.

११. निष्कर्ष

१) उत्कलनबिंदू, अप्रकट उष्मा, एन्थाल्पी हे गुणधर्म दाब, तापमान, अवस्था व संदर्भशून्य यांसह सांगितले तरच पूर्ण विधान होते.
२) एकाच गुणधर्माचे दोन ग्रंथांतील भिन्न आकडे बहुधा परस्परविरोधी नसतात. त्यांच्या अटी भिन्न असतात.
३) 'प्रमाण' हा शब्दही कालसापेक्ष आहे. म्हणून जुन्या व नव्या सारण्या एकत्र वापरताना दक्षता आवश्यक आहे.
४) सुरक्षिततेच्या बहुतेक सूचना गुणधर्मांतूनच निघतात. कारण कळले तर सूचना लक्षात राहते.

१२. सूचना

१) प्रात्यक्षिक वहीत तापमानाच्या रकान्याशेजारी स्थानिक वातावरणीय दाबाचा रकाना असावा.
२) परीक्षेत केवळ मूल्य न विचारता 'हे मूल्य कोणत्या अटींवर सत्य आहे?' असा प्रश्न विचारावा.
३) प्रयोगशाळेतील प्रत्येक रसायनाचे उत्कलनबिंदू, बाष्पाची सापेक्ष घनता आणि ज्वलनशीलता यांची माहिती मराठीत भिंतीवर लावावी. ती सेवकवर्गालाही वाचता यावी, कारण बाटल्या हाताळणारे हात बहुधा त्यांचेच असतात.
४) पुस्तकातील आकड्यापेक्षा वेगळे वाचन आल्यास ते खोडू नये. प्रथम त्याचे कारण शोधण्यास विद्यार्थ्याला सांगावे.

महाबळेश्वरच्या त्या सहलीत पुढे आम्ही सर्व तापमाप्या वितळत्या बर्फात धरून तपासल्या. सर्वांनी शून्य दाखविले. मग त्याच विद्यार्थ्याने वहीतील १०० वर रेघ ओढून ९५.५ लिहिले आणि शेजारी, न सांगता, 'महाबळेश्वर' असे गावाचे नाव लिहिले. गुणधर्म-सारणी कशी वाचावी हे त्याला त्या दिवशी कळले, असे मानावयास हरकत नाही.